ब्याऐंशी टक्क्यांवर

ठरलं होतं ते असं: ट्रकमालकाच्या अकरा ट्रकांपैकी या एकाच्या इंजिनाचा नवा कॉम्प्युटर नीट चालू करून दिला, तर बाकीच्या दहांचं काम आमच्या गॅरेजला. आणि गॅरेजमध्ये ते काम माझं, गिऱ्हाइकासमोर उभं राहून करायचं. नवऱ्यानं तसा शब्द दिला होता.

जुना कॉम्प्युटर पाणी शिरून मेलेला. त्याच्याकडून काही वाचून घेता येईना. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या सहा इंजेक्टरांवर प्रत्येकाचा वेगळा नंबर कोरलेला असतो; तो नव्याला सांगितला नाही, तर इंजिन दम लागल्यासारखं चालतं. सकाळभर इंजिनावर पालथी पडून, टॉर्च दातांत धरून मी ते नंबर उतरवले. हे मला कुणी शिकवलेलं नाही. भंगारातल्या कॉम्प्युटरांवर चुकत चुकत शिकले. मेलेल्याला पुन्हा मारल्याचं कोण विचारतो?

"वहिनी, लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये मी बसतो," धाकटे दीर म्हणाले. "मालक येतोय. तुम्ही वर चढून बसलात तर बरं दिसणार नाही."

"कुणाला?"

"आता फाटे नका फोडू."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पाना पुसत होता. पुसलेलाच पाना. "बसू दे ना त्याला. तू खिडकीतून सांग."

मग पायरीवर उभी राहून सांगत गेले. मधेच ताकद उतरू नये म्हणून बॅटरीला चार्जर लावला, नंबर घातले, नव्या कॉम्प्युटरात प्रोग्राम भरला जाऊ लागला, लॅपटॉपवर टक्के चढू लागले.

"भावजी, पाऊण तास चावीला हात लावायचा नाही. मधे तुटलं तर कॉम्प्युटर कायमचा गेला."

"किती वेळा सांगाल?"

ब्याऐंशी टक्क्यांवर मालक आला. "काय, झालं का?"

"झाल्यातच जमा," म्हणत भावजींनी ऐटीत चावी फिरवली, इंजिन सुरू करून दाखवायला.

इंजिन हूं की चूं करेना. पडद्यावर लाल ओळ. मी तीनदा जोडून पाहिलं. नवा कॉम्प्युटर आता नुसता डबा होता.

मालक फोनवर बोलायला बाहेर गेला, तसं नवऱ्यानं मला बाजूला घेतलं. "तू म्हण, तुझ्याकडून झालं. त्याचं नाव आलं तर मालक आपल्याला दारात उभं करणार नाही. तुला कोण काय बोलणार आहे?"

एरवी 'हं'च्या पुढे न जाणारा माणूस. एका दमात एवढं बोलला.

मी मालकासमोर गेले. "चूक माझी. चावी फिरवायला मीच सांगितलं."

मालक हसला. चिडला असता तर बरं वाटलं असतं. "जाऊ द्या हो ताई." मग नवऱ्याला, "बाईमाणसाला कशाला या भानगडीत घालता?" आणि भावजींच्या पाठीवर थाप मारून, "दुसरा मागव. हा आणि पुढचे दहाही तूच कर. एकट्यानं."

"एकट्यानंच," भावजी म्हणाले.

मालक गेल्यावर मी हात धूत होते. भावजी मागे येऊन उभे राहिले, आवाज खाली.

"वहिनी, आधी चार्जर लावायचा की आधी केबल?"

सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.