पाठमोरा फोटो

या, थोडं पुढे सरकून बसा. एका संतापलेल्या माणसाची कथा सांगतो. सगळाच संताप पाप नसतो, मंडळी.

व्हिएन्नातल्या चर्चच्या सभागृहात संत वाक्लावच्या सणाचं चेक निर्वासितांचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. ओताकार झीमा कॅमेरा तिकाटण्यावर चढवत होता, तोच येझेक शिंपी सगळ्यांदेखत म्हणाला, “मास्तर, यंदा आमची तोंडं कुणाला विकणार?”

मायदेशात परकी रणगाडे शिरले त्या साली ओताकार ओलोमोउत्स शहरातला आपला फोटो-स्टुडिओ सोडून इथे आला. लग्नांचे, बारशांचे, पासपोर्टचे फोटो काढत जगला. दर सणाला सगळ्यांचा एकत्र फोटो काढून प्रत्येकाला प्रत द्यायची, हा त्याचा नेम. गेल्या वर्षीचा फोटो तिकडच्या पोलिसांच्या टेबलावर पोचला आणि देश सोडून पळालेल्याचा भाऊ म्हणून येझेकच्या भावाची नोकरी गेली.

“सगळ्यांच्या घरी पोलीस गेले,” येझेक म्हणाला. “तुझ्याच आईकडे कसे नाही गेले रे?”

ओताकारची कानशिलं तापली. “तू तो फोटो घरी धाडलास?”

“धाडला की. आईला नवा कोट दिसायला नको?”

“आणि मागे सगळ्यांची नावं लिहिलीस.”

“तिला कळावं म्हणून...”

“तिकडे टपाल फोडतात, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तरी तुम्ही झाडून सगळ्यांनी धाडले. मी फोटोग्राफर, येझेक, तुमच्या फोटोत मी कधीच नसतो, आणि इतक्या वर्षांत आईला माझा एक फोटो धाडला नाही. म्हणून तिच्या दारी कुणी गेलं नाही. आणि चोर मी?”

कुणी माफी मागितली नाही. स्वयंपाक सांभाळणाऱ्या ल्युदमिलाबाई हात पुसत म्हणाल्या, “मग यंदा फोटो नाहीच का?”

“काढतो ना. भिंतीकडे तोंडं करा सगळ्यांनी.”

तो रागाने बोलला होता. पण माणसं खरंच वळली. बायका एकमेकींच्या मानेवरचे केस सारखे करू लागल्या. येझेकने कोट मागून खाली ओढला. ते पाहून ओताकारला आणखीच चीड आली.

त्याने फोटो काढल्यावर ल्युदमिलाबाई कॅमेऱ्याशी आल्या. “आणखी एक काढू. कुठं दाबायचं ते सांगा, आणि तुम्ही जा तिकडं.”

“मी नाही यांच्यात उभा राहणार.”

“मग हातभर लांब राहा. राग असू द्या की.”

तो दुसरा फोटो त्याने आईला धाडला. म्हातारीने तो स्वयंपाकघरात लावला. शेजारीण म्हणाली, “अगं, या पाठींमध्ये तुझा कोणता?”

म्हातारीने कडेच्या माणसावर बोट ठेवलं. “हा. रुसला की असाच लांब जाऊन उभा राहतो.”

मंडळी, आज दिवा लावाल तेव्हा त्या माउलीची आठवण काढा.