आजारी पाडायची साळ

शेतकरी रोग जावा म्हणून नवस बोलतात. मी रोग यावा म्हणून वाट बघते, आणि तो वेळेवर आला नाही की माझी चिडचिड होते. करपा नावाची बुरशी भाताच्या पानांवर आधी डाग पाडते, मग लोंबीची मानच मोडते. तिच्यापुढे टिकेल आणि तरीही वासाचं राहील असं भात तयार करणं ही माझी नोकरी. कोण टिकतं हे कळायचं तर करपा आधी शेतात आणावा लागतो.

"जालन्यात भात?" असं आमच्या भात संशोधन केंद्रावर सगळ्यांनी हसून विचारलं. मी जालन्याचीच, त्यामुळे मला जरा जास्तच राग आला. तीर्थपुरीजवळ कालव्याच्या पाझरानं चिबडलेला, कायम ओला असा एक पट्टा आहे, तिथं कापूस जगत नाही की सोयाबीन. रखमाजीकाकांच्या तिथल्या दहा गुंठ्यांत त्यांच्या पत्नी सगुणाबाई तीस वर्षं वासाची साळ, म्हणजे सुवासिक भात, लावत आल्या. बी त्यांनी माहेराहून आणलेलं. शिजायला टाकली की शेजारपाजारचे काहीतरी निमित्त काढून दारात येतात. पण ही साळ करप्याला फार लवकर बळी पडते. म्हणून पाच वर्षांपूर्वी मी तिचं मूठभर बी नेलं, एका दणकट पण बिनवासाच्या भाताशी तिचा संकर केला आणि निवडत निवडत तिची चाळीस लेकरं उरवली. यंदा त्यांची शेवटची परीक्षा होती, आणि प्रकल्पाची मुदतही यंदाच संपत होती.

मांडणी सोपी होती. मधोमध चाळीस लेकरांच्या चाळीस ओळी आणि चारी बाजूंनी जुन्या वासाच्या साळीचा काठ. रोग आधी काठावर चढावा आणि तिथून आतल्या ओळींवर जावा, एवढंच त्या काठाचं काम. वरून मी मागच्या वर्षीचा रोगट पेंढा आणून काठावर पसरला. सगुणाबाई बांधावर उभ्या राहून सगळं बघत होत्या. बाईंना शास्त्राचं कौतुक वाटतंय, असं मी समजले.

सप्टेंबरात काठ डागांनी भरला. चाळीसपैकी एकोणतीस ओळी करपल्या, अकरा स्वच्छ राहिल्या. मी खुशीत सगुणाबाईंच्या हातच्या दोन भाकरी हाणल्या. आता लोंब्या आल्यावर मान कुणाची टिकते तेवढं बघायचं, असं सांगून निघाले.

ऑक्टोबरात आले तर काठ हिरवागार. लोंब्या दाण्यांच्या वजनानं वाकलेल्या, मान एकीचीही मोडलेली नाही. आत सतरा नंबरची ओळ, जिच्यावर मी सप्टेंबरातच काट मारली होती, तीही नवी पानं काढून ऐटीत उभी. कुणीतरी औषध फवारलंय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"औंदा धुईच पडली न्हाई, सकाळचं धुकंच न्हाई, मॅडम," रखमाजीकाका घाईघाईनं म्हणाले. "धुई न्हाई तर करपा कुठून येनार?"

"कशाला खोटं बोलता?" सगुणाबाई म्हणाल्या. "फवारलं म्या. तुम्ही गेल्यावर दोनदा. तुमच्या चाळीस ओळींला मुद्दाम हात न्हाई लावला, मॅडम. फकस्त काठावर मारलं, वाऱ्यानं थोडं आत उडालं आसंल."

"अहो पण मावशी, काठच निरोगी राहिला तर आतल्यांची परीक्षा कशी होणार? अख्खं वर्ष पाण्यात गेलं माझं! हे सगळं तुमच्याच साळीसाठी चाललंय ना?"

माझा आवाज चढला होता. त्यांचा मात्र होता तसाच राहिला.

"एक विचारू का? ह्या कामाला माझीच साळ लागती?"

"नाही. रोग लवकर पकडणारं कोणतंही भात चालतं," मी तणतणत म्हणाले.

"मंग माझीच का लावली?"

केंद्राच्या गोदामात असल्या भाताची पोती पडून होती. एक पोतं गाडीत टाकून आणायचा मला कंटाळा आला होता, याच्यापलीकडे काही कारण नव्हतं.

"तुमचं बी इथंच होतं म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "जूनमधी तुम्ही बी मागितलं, तवा म्या सगळा डबा उपडा केला. घरात एक दाना ठिवला न्हाई. मला वाटलं, जपायला मागून राह्यल्या."

मला लाज वाटली, खरीखुरी. त्या साळीचं बी आमच्या शीतगृहात सुरक्षित होतं, पण ते त्यांना सांगायचं मला पाच वर्षांत सुचलं नव्हतं. त्यांच्या लेखी बांधाच्या आत उभी होती तेवढीच साळ जगात उरली होती, आणि तिला मी त्यांच्या डोळ्यांदेखत रोग लावत होते. मी वही काढली, यंदाच्या निकालावर रेघ मारली आणि कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. मुदतवाढ मिळेल की नाही, सांगता येत नव्हतं.

काका कालव्याकडे बघत बसले होते. सगुणाबाईंनी एक लोंबी हातात घेऊन दाणा दातांखाली फोडला. पिकला होता, कापणीला आला होता.

"मंग आता सोंगू का, मॅडम?" त्यांनी मला विचारलं.