ओरिनचा आवाज

इसुरुगीसाननी चित्रांची रिळं द्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. "आवाज माझ्या बहिणीचाच हवा. दुसऱ्या कुणाचा चिकटवलात तर याद राखा. रिळं परत न्यायला मी येणार नाही, माझा वकील येईल."

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. टोकियोतल्या आमच्या चार टेबलांच्या कंपनीनं 'नऊ दारांचा किल्ला' हा जुना खेळ घरच्या कॉम्प्युटरसाठी पुन्हा काढायला घेतला होता. गेम सेंटरमध्ये नाणं टाकलं की तो चक्क सिनेमासारखा सुरू व्हायचा. हातानं काढलेली हलती चित्रं, ओरिन नावाची होडीवाली पोर, आणि किल्ल्याची एकामागून एक दारं. दांडा योग्य क्षणी वळवला तर ओरिन वाचायची, नाहीतर मरायची. जळून, पडून, चिरडून, बुडून. ती सगळी मरणं इसुरुगीसाननी काढली होती आणि त्यांची बहीण फुमिए हिनं ओरिनला आवाज दिला होता.

गेम सेंटरमधल्या डिस्क खराब होऊन गेल्या होत्या. मूळ आवाजाची टेप उरली होती एकाच माणसाकडे. ते म्हणजे फुमिएसानचे नवरे, कुवाजिमा. रेकॉर्डिंग त्यांनीच केलं होतं. खेळ आल्यावर दोन-तीन वर्षांत फुमिएसान फुप्फुसाच्या आजारानं गेल्या, आणि कुवाजिमासान इझूच्या डोंगरात जाऊन राहिले. मेहुण्याशी बोलणं तेव्हापासून बंद.

फोनवर तीनदा नाही म्हणून झाल्यावर ते एकदाचे म्हणाले, "या. पण एकट्या या."

निघायच्या दिवशी सकाळी पाहते तो इसुरुगीसान माझ्या गाडीपाशी उभे.

"इसुरुगीसान, त्यांनी एकटीलाच बोलावलंय."

"मग तुम्ही एकट्याच आत जा. मी तुमच्या मागून येतो."

ओदावारा शहर ओलांडल्यावर साहेबांचा फोन आला. "माकाबे, सीडी छापणाऱ्या कारखान्याची तारीख आता हलणार नाही. आज टेप मिळाली नाही तर उद्या मी नवी मुलगी माइकपुढे उभी करतोय." मी नुसतं "हो, हो" करत राहिले. शेजारी इसुरुगीसान खिडकीबाहेर बघत होते. त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे.

दार उघडल्यावर कुवाजिमासाननी आधी मला पाहिलं, मग माझ्या मागे.

"याला कशाला आणलंत?"

"आणलं नाही. ते गाडीत होते."

"मग गाडीतच राहू द्यायचं."

तोवर इसुरुगीसाननी बूट काढलेसुद्धा होते.

खोलीत सुक्या मशरूमचा वास दाटला होता. मी सोबत आणलेलं रेकॉर्डिंगचं यंत्र त्यांच्या टेपच्या यंत्राला जोडलं. कुवाजिमासान टेपच्या डब्यावर हात ठेवून म्हणाले, "शेजाऱ्याचं शिताके मशरूम वाळवायचं यंत्र आहे, त्यात ठेवली होती. जुनी टेप चिकट होते. ऊब दिली की थोडा वेळ धड चालते. एकदा चालेल. मध्ये थांबली तर चिकटेल, आणि चिकटली की आवाजाचा थरच निघून येईल." मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "आणि सहावं दार मी देणार नाही. ते आलं की आवाज शून्यावर नेईन. टेप चालत राहील, तुमच्या यंत्रात काही उतरणार नाही."

सहाव्या दारात ओरिन बुडते.

"का?" इसुरुगीसान म्हणाले. "तिचं सगळ्यात चांगलं काम आहे ते. तू कोण पुसणारा?"

"नवरा."

"मी भाऊ आहे!"

"भाऊ होतास तर कुठे होतास तेव्हा?" कुवाजिमासानचा आवाज चढला नाही. त्यानं मला जास्तच भीती वाटली. "शेवटच्या रात्री ती तसाच श्वास घेत होती. अगदी तसाच. तुला ते काम वाटतं, तामोत्सु, कारण खरा श्वास तू ऐकलेला नाहीस. तू चित्रं काढत बसला होतास."

मी खालच्या टाटामी चटईच्या काठाकडे बघत बसले. आता इसुरुगीसान उठून जातील, रिळंही जातील आणि टेपही, असं वाटत होतं. पण ते उठले नाहीत.

"चुकलो," ते म्हणाले. "मेलो तरी ती चूकच. पण म्हणून तिचं काम कापू नकोस."

कुवाजिमासाननी टेप यंत्रावर चढवली. "बरं. नाही कापत. इथं यंत्रापाशी बस, आणि ऐक."

टेप सुरू झाली. पहिल्या दारापासून फुमिएसानचा खणखणीत आवाज आला. हाका, शिव्या, किंचाळ्या. टेप घासून जात होती तिथे, यंत्राच्या तोंडाशी, तिची तपकिरी भुकटी साचत होती. माझ्या यंत्रावरचे काटे हलत होते, सगळं नीट उतरत होतं. तिसरं, चौथं, पाचवं दार पार पडलं. मग एक मोठा श्वास. पाणी तोंडात गेल्यासारखा एक घोट. आणि नंतर ते ओढून ओढून घेतलेले श्वास, एकातून दुसरा निघत नसल्यासारखे.

इसुरुगीसानचा हात कधी पुढे गेला ते मला दिसलंच नाही. खटकन आवाज झाला आणि चाकं थांबली.

"अरे मूर्खा! थांबवायची नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

इसुरुगीसानचं बोट बटणावरच होतं. "असा?" त्यांनी विचारलं. "रात्रभर असा?"

"हो," कुवाजिमासान म्हणाले. "आता बाजूला हो. पुढची तीन दारं जातील."

टेप यंत्राच्या तोंडाला चिकटली होती. कुवाजिमासाननी ती नखानं हलकेच सोडवायला घेतली. केसभर सुटायची, की पुन्हा धरायची. "चाक धर," ते मेहुण्याला म्हणाले. "ओढू नकोस, नुसतं धर." इसुरुगीसाननी दोन्ही हातांनी चाक धरलं. चाक जरासुद्धा हललं नाही. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. शेवटी टेप सुटून आली. मधला, सहाव्या दाराचा उरलेला भाग काचेसारखा आरपार झाला होता; त्यावरचा आवाज गेला होता. पुन्हा बटण दाबलं. सातवं दार, आठवं, नववं, आणि ओरिनची शेवटची आरोळी. सगळं उतरलं.

टोकियोत परतल्यावर साहेब उखडले. "तेवढाच तुकडा नव्या मुलीकडून करून घे. कुणाला कळतंय?"

"इसुरुगीसानना कळेल," मी म्हणाले, "आणि त्यांचा वकील आहे." वकिलाचं नाव नुसतं पुढे केलं होतं. खरं तर मलाच ते नको होतं. सहाव्या दाराला माझ्या यंत्रात जे थोडे श्वास उतरले होते, तेही मी काढून टाकले. ते त्या दोघांनी ऐकले, तेवढं पुरे होतं.

खेळ वर्षअखेरीला बाजारात आला. बरा खपला. सहाव्या दाराला आवाज येत नाही अशा तक्रारी आल्या. तिथे आवाज नाहीच, एवढंच मी प्रत्येकाला कळवलं.

वसंतात इझूला कुवाजिमासानकडे गेले, तर अंगणातूनच भांडण ऐकू आलं.

"डावीकडे! डावीकडे म्हटलं ना!"

"ते दार मी काढलंय, मला शिकवू नकोस."

"काढलंस म्हणून खेळता येतं होय? चौथ्याच्या पुढे गेला नाहीस अजून!"

"तू तरी कुठे गेलास?"

मला पाहून इसुरुगीसाननी कॉम्प्युटरपुढची खुर्ची रिकामी केली. "या, माकाबेसान. तुम्हाला येत असेल. दाखवा याला."

तपासून तपासून मला तो खेळ तोंडपाठ झाला होता. तिसऱ्या दारापर्यंत मी सरळ गेले. मागे दोघंही बोलायचे थांबले होते; सहावं दार जवळ येत होतं. चौथ्या दारात छत कोसळायला लागलं, डावीकडे वळायची वेळ आली, आणि मी उजवीकडचं बटण दाबलं.

"गेली!" कुवाजिमासान ओरडले. "यांनाही येत नाही!" आणि ते चहा टाकायला उठले.