लोलाच्या पिशवीतलं अंडं

अंडं परतायला जोवेलिनला आईने शिकवलं होतं. त्यात किरणोत्सारी औषध घालायला मात्र इलोइलो शहराच्या इस्पितळातल्या तेओदुलोसरांनी शिकवलं. ते अंडं रुग्णाने दहा मिनिटांत संपवायचं, मग कॅमेऱ्याखाली जायचं आणि पोट किती वेगाने रिकामं होतं ते चार तास मोजायचं. प्रशिक्षणातली ही शेवटची तपासणी. आज सरांची सही मिळाली नाही, तर नोकरी पक्की व्हायला आणखी सहा महिने.

रुग्ण होत्या कोन्सोर्सियाआजी, इथल्या भाषेत सगळ्यांच्या लोला. अंगाने काडी, तोंडाने तोफ.

"ये गं, तूही दोन घास खा."

"नको लोला, तुम्ही खा."

"नको काय? तोंड बघ कसं सुकलंय! एकटीने खायला मी काय मांजर आहे?"

समोरच्याने जेवायला बोलवावं आणि आपण नाही म्हणावं, हे जोवेलिनच्या सात पिढ्यांना जमलं नव्हतं. तीनदा नाही म्हणून ती इतकी ओशाळली की बाहेरच जाऊन उभी राहिली. परतली तेव्हा ताटली लख्ख. तिने वहीत ‘पूर्ण खाल्लं’ लिहून टाकलं.

पहिलं चित्र आलं आणि सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"दिलं त्याच्या अर्धंच पोटात आहे. बाकीचं तू खाल्लंस का बाईसाहेब?"

"देवाशपथ नाही, सर!"

"मग शोध."

 किरण मोजायचं यंत्र घेऊन जोवेलिन खोलीभर फिरली. ताटली गप्प, कचऱ्याचा डबा गप्प. दाराजवळ टांगलेल्या लोलाच्या पिशवीपाशी मात्र यंत्राने थयथयाट मांडला. आत कागदी रुमालात नीट गुंडाळलेलं अर्धं अंडं! लग्नाच्या जेवणातूनही माणसं इथे असंच बांधून नेतात, त्यात कुणी लाजत नाही.

"नातवाला का?" सरांनी विचारलं.

"नातू कसला! या पोरीला. माझ्यासमोर खायला लाजत होती."

जोवेलिनने रुमाल पुन्हा तसाच नीट गुंडाळला. अंडं किरण अडवणाऱ्या शिशाच्या डब्यात गेलं. मग तिने ‘पूर्ण’वर काट मारली, ‘अर्धं. मी समोर बसले नव्हते’ असं लिहिलं आणि वही सरांपुढे ठेवली. सही गेली, हे तिने गृहीतच धरलं.

डॉक्टर म्हणाले, अर्ध्यावरही भागेल. चार तासांनी शेवटचं चित्र निघालं, तेव्हा सरांनी वही ओढली.

"‘पूर्ण’ तसंच ठेवलं असतंस, तर आज घरी पाठवलं असतं," ते म्हणाले आणि सही केली. "पुढच्या वेळी तीस वेळा नाही म्हण, पण समोर बस."

लोलाने पिशवीतून केळीच्या पानातलं पुडकं काढलं, भात आणि सुका मासा. अर्धा वाटा जोवेलिनचा. सरांनी पुडकं उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

"तुमच्याजवळ तपासून उपयोग नाही लोला, पोटातल्या औषधाने तुम्ही स्वतःच वाजताय." त्यांनी यंत्र फिरवलं. गप्प. "चला, बाहेर जाऊन जेवा."

"नको लोला..." जोवेलिनने सुरुवात केली.

"गप खायचं," लोला म्हणाल्या. "मी समोर बसतेय."