पोस्टमनची चाल

पाच वाजता कार्यक्रम होता आणि चार वाजून पाच मिनिटांनी ताईनं शेवटचा टॅब हातात घेतला.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, मुलांच्या खोलीत, ती एकटीच होती. टेबलावर बारा टॅब रांगेनं मांडलेले. एकेका टॅबमधला सिनेमा काढायचा, लॅपटॉपवर घ्यायचा, की काम फत्ते. सिनेमा म्हणजे तरी काय, दोन-तीन सेकंदांची हलती चित्रं. पण नऊ-दहा वर्षांच्या पोरांनी आठ आठवडे मान मोडून काढलेली. उडणारा टोप, दात घासणारी मगर, असे अकरा झाले. बारावा मुंगीचा. तो ताईनं मुद्दाम मागे ठेवला होता, शांतपणे बघायचा म्हणून.

टॅब उघडला. खाली पानांची पट्टी असते, तिथं चोवीस लहान चौकोन दिसायला हवे होते. एकच होता.

आधी तिला वाटलं, चुकीचं काहीतरी उघडलं. बंद केलं, पुन्हा उघडलं. एकच. दारापाशी उभा असलेला एक माणूस, चौकटीला हात लावलेला, उजवा खांदा खाली उतरलेला. बाकी काही नाही.

आता ही मुंगी कोण, ते सांगायला हवं. शाळेत तिला दुसरं नाव असेलच, पण ताईच्या या हलत्या चित्रांच्या वर्गात मुंगीच. हळू, नीट, एका रेषेत काम करणारी, आणि तोंडातून चकार शब्द न काढणारी. तिचे वडील पोस्टमन. सव्वीस वर्षं खांद्यावर पिशवी घेऊन हिंडलेले. गेल्या वर्षापासून त्यांच्या पायातली ताकद उतरत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, गेलेली परत यायची नाही, आणि उरलीय तीही राहायची नाही.

वर्गातल्या पहिल्या दिवशी ताईनं विचारलं होतं, कुणाला काय हलवायचंय? मुंगी त्या दिवशी नव्हतीच, वडिलांना घेऊन दवाखान्यात गेली होती. दुसऱ्या वेळी आली, तेव्हा ताईच्या कानाशी येऊन म्हणाली, "मला बाबांची चाल काढायचीय."

"का गं?"

"ती जाणार आहे ना."

एवढंच. ताईनं टॅब हातात दिला, पेन दिलं, पुसायचं कसं आणि रेघ जाड-बारीक कशी करायची ते दाखवलं. आणि अधिकचं चिन्ह? एक चित्र झालं की ते दाबायचं, मग नवं पान येतं, जुनं खाली धूसर दिसत राहतं, त्याच्यावरून पुढचं पाऊल काढायचं. सगळा खेळच त्या एका चिन्हाचा. ते पहिल्या दिवशी झालं होतं. सगळ्यांना झालं, म्हणजे हिलाही झालं, असं ताईनं गृहीत धरलं. त्याच वेळी पलीकडच्या टेबलावर तोफेनं शेजारच्याचा टॅब पळवला होता.

तोफ म्हणजे वर्गातली सगळ्यात वांड मुलगी. तिच्या सिनेमात सगळं फुटायचं. घर फुटायचं, ढग फुटायचा, शेवटी मास्तर फुटायचे. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, त्यातली गत. आठ आठवड्यांतला निम्मा वेळ तोफेनं खाल्ला. मुंगीपाशी ताई जायची ती दोन मिनिटं, श्वास घ्यायला गेल्यासारखी.

दर शनिवारी टॅब घरी न्यायची परवानगी होती. मुंगी नेमानं न्यायची. घरी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत तिचे बाबा चालायचे. एक पाऊल टाकायचं की भिंतीला हात लावून तसंच थांबायचं, तिचं काढून होईपर्यंत. "आटप गं," ते म्हणायचे, "पोस्टमन एका जागी थांबला की लोकांची पत्रं रखडतात." मग मुंगी सोमवारी येऊन टॅब दाखवायची. "ताई, पुढचं पाऊल झालं." ताई बघायची. झालेलं असायचंच. पाय पुढं गेलेला, खांदा तसाच उतरलेला. "वा!" ताई म्हणायची. एकदा तर तिनं सगळ्या वर्गाला तो टॅब वर धरून दाखवला होता. "बघा, मुंगी जुनी रेघ किती नीट पुसते. कुठं डाग नाही."

हे आठवलं आणि ताईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पोर तेवीस वेळा तोच पाय पुसून तिथंच नवा पाय काढत होती. पान एकच.

बरं, चालवून बघितलं असतं तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. पण चालवून बघायचं नाही, हा नियम कुणाचा? ताईचाच. मुलं दर दोन चित्रांनी बटण दाबून खिदळत बसतात, काम होत नाही, म्हणून तिनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "बी पेरलं की रोज उकरून बघायचं नसतं. सगळं शेवटच्या दिवशी बघायचं." तोफेनं तो नियम एका दिवसात मोडला. मुंगीनं पाळला. शहाण्या पोरीला शहाणपणाचं हे असं बक्षीस!

ताईनं 'मागे घ्या'चं बटण दाबलं. ते फिकं पडलेलं होतं, दाबलं गेलंच नाही. तिनं टॅब दुरुस्त करणाऱ्या माणसाला फोन लावला.

"जुनं काहीतरी आत कुठंतरी राहिलं असेल ना हो?"

"ताई, हरवलेलं शोधून देतो मी. साठवलंच नाही ते कुठून आणू?"

"काहीच करता येणार नाही?"

"नाही हो."

फोन ठेवला तेव्हा साडेचार वाजत आले होते. खालच्या वाचन-दालनात खुर्च्या सरकवल्याचा आवाज यायला लागला. कार्यक्रम खाली ठेवला होता तोही पोस्टमनसाठीच, कारण वर यायला जिना. आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? मुलीला काय सांगायचं? आणि त्यांना पुन्हा चालायला सांगावं तर गेल्या शनिवारची हकीकत मुंगीच्या आईनंच सांगितली होती. शेवटच्या पावलाला तिनं एका बाजूनं धरलं होतं, दारानं दुसऱ्या बाजूनं. त्यानंतर ते उभे राहिलेले नाहीत.

अशा वेळी माणसाला जे करू नये तेच सुचतं. ताईनं पेन उचललं. चालणारा माणूस काढणं तिला पाठ होतं, बारा वर्षं तेच शिकवत आली होती. टाच टेकली, अंग खाली गेलं, एक पाय दुसऱ्याच्या जवळून गेला, अंग वर आलं. हात तिनं भराभर चालवला. मुंगीचं खरं चित्र तिनं शेवटी ठेवलं आणि त्याच्या अलीकडं तेवीस पानं भरून काढली. मधे तिनं आठवायचा खूप प्रयत्न केला. खांदा किती उतरलेला होता? डावं पाऊल बाहेर पडायचं की आत? दर सोमवारी तिनं एकेक चित्र डोळ्यांनी बघितलं होतं, आणि आता एकही नीट आठवेना. तोफेचे सगळे स्फोट मात्र क्रमानं आठवत होते.

पाचला दोन मिनिटं कमी असताना ती लॅपटॉप घेऊन खाली आली.

पोस्टमन पहिल्या रांगेच्या कडेला चाकांच्या खुर्चीत बसले होते. दाढी घोटलेली, नोकरीतला खाकी शर्ट इस्त्री करून घातलेला. शेजारी मुंगीची आई. मुंगी जमिनीवर, त्यांच्या पायांशी. ताई दिसताच तिनं हसून मान हलवली. ताईनं नजर दुसरीकडं वळवली. चोराच्या मनात चांदणं.

पडद्यावर टोप उडाला, मगरीनं दात घासले. तोफेचे मास्तर फुटले तेव्हा सगळं दालन हसून लोटपोट झालं, पोस्टमन तर डोळे पुसायला लागले. मग शेवटचा.

पडद्यावर एक माणूस स्वयंपाकघरातून निघाला. ताठ, झपाझप, हात हलवत आला आणि दारापाशी एकदम खांदा पाडून थांबला. तीन सेकंद. पुन्हा पहिल्यापासून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाल खरोखरच सफाईदार होती.

मुंगीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं मान वाकडी करून पाहिलं, मग बाबांकडं पाहिलं, मग परत पडद्याकडं.

"शेवटी मी आलो बघ," पोस्टमन हळूच म्हणाले. "त्याच्या आधी कोण गृहस्थ आहेत हे?"

"बाबा नाहीत ते," मुंगी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज सगळ्या दालनाला ऐकू गेला. "ताई, बाबा असे नाही चालत. ते चार पावलं टाकली की थोडं थांबतात. दार आल्यासारखं. मी काढलं होतं."

ताईनं पडदा बंद केला. लोक चहाकडं वळेपर्यंत ती थांबली आणि मग मुंगीसमोर जमिनीवर बसली. सगळं सांगितलं. अधिकचं चिन्ह टॅबवर दाखवलं, ते दाबलं की काय होतं तेही दाखवलं. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी तुला सांगितलंच नाही. आणि नंतर वर खोटं काढलं, तेही मीच." बैल गेला आणि झोपा केला, असं झालं ते, पण सांगितल्यावाचून तिला उठवेना.

मुंगीनं सगळं ऐकून घेतलं. नेहमीसारखं, मधे न बोलता. मग विचारलं, "म्हणजे मी दर वेळी बाबांना पुसत होते?"

मुंगीची आई तोंडाला पदर लावून खिडकीकडं गेली.

"पुसलं तर पुसलं," पोस्टमन म्हणाले. आवाज त्यांनी मुद्दाम मोठा काढला. "त्यात काय एवढं? मी आहे की अजून. आण तो टॅब. आत्ता इथल्या इथं काढू. मी उठतो आणि त्या कपाटापर्यंत जातो. चार पावलं तर आहेत."

"अहो, नको," मुंगीची आई तिथूनच म्हणाली.

"तू गप्प बस गं. पत्र कधी बुडवलंय का मी?"

त्यांनी खुर्चीच्या चाकांना खीळ घातली. पाय हातानं उचलून एकेक करून जमिनीवर ठेवले. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले आणि जोर लावला. उजवा खांदा खाली गेला, बरोबर चित्रातल्यासारखा. मानेच्या शिरा ताठ झाल्या. अंग वीतभर वर आलं, थरथरलं आणि परत खाली बसलं.

"थांब हं," ते धापा टाकत म्हणाले. "एक मिनिट. उठतो."

मुंगी टॅब मांडीवर घेऊन, पेन वर धरून थांबली होती. तिनं वडिलांवरची नजर काढली नाही. ताईनं पुढं वाकून तिच्यासाठी अधिकचं चिन्ह दाबलं. कोरं पान आलं. तिला करता येण्यासारखं तेवढंच होतं.

"उठतो हं," पोस्टमन पुन्हा म्हणाले आणि दांड्यांवरचे हात त्यांनी नीट करून घेतले.