दोन निळ्या बरण्या

नवऱ्याला बढती मिळाली आणि घरी पार्टी ठरली, इथपर्यंत सगळं सरळ होतं. घोळ सुरू झाला तो प्यायला काय ठेवायचं या प्रश्नापासून.

नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं काय पितात हे जगजाहीर होतं, त्यामुळे प्रश्न त्यांचा नव्हताच. प्रश्न होता तिच्या दादाचा. दादा सोफ्यांना कापड चढवायचा. हातात कला होती, पण बरीच वर्षं त्या हातात बाटलीच जास्त असायची. आता वर्ष होत आलं, त्यानं थेंबाला शिवलेलं नव्हतं. शेवटचा या घरी आला तेव्हा तो काचेच्या कपाटावर कोसळला होता, आणि त्यानंतर लाजेनं त्यानं इकडे पाऊल टाकलं नव्हतं. या वेळी बहिणीनं फोनवर रडून, रागावून, शेवटी अबोला धरायची धमकी देऊन त्याच्याकडून 'येतो' वदवून घेतलं होतं. तो यावा आणि जसा आला तसाच धड परत जावा, एवढंच तिचं मागणं होतं. बढतीबिढती नवऱ्याची नवऱ्याला लखलाभ.

"अहो, दारू नकोच ठेवायला," ती म्हणाली.

"नको तर नको," नवरा म्हणाला. "पण मग लोक विचारणार, का नाही? आणि ते कुणामुळे नाही, हे सगळ्यात आधी तुझ्या दादालाच कळणार."

खरं होतं. ठेवावी तर भीती, न ठेवावी तर भर माणसांत त्याचा अपमान. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, त्यालाच विचार ना." पण हे विचारायचं कसं? दादा, तुझ्यासमोर बाकीच्यांनी प्यायली तर चालेल का? असं तोंडावर विचारण्यापेक्षा जीभ चावलेली बरी, असं तिला वाटलं. आपल्याकडे माणसाबद्दल सगळ्यांना विचारतात, फक्त त्या माणसाला सोडून.

अशात नणंदबाई मदतीला धावल्या. नणंदेला थीमचं भारी वेड. तिच्या घरच्या मागच्या पार्टीची थीम जंगल होती आणि पाहुण्यांना पानांच्या गर्दीत खुर्च्या सापडत नव्हत्या.

"आधी थीम ठरव वहिनी, मग पेयं आपोआप ठरतात," ती ठणकावून म्हणाली. "समुद्र करू. निळे पडदे, दोऱ्याला टांगलेले कागदी मासे, आणि प्यायलाही निळंच."

"निळंच म्हणजे?"

"निळं सिरप मिळतं गं! लिंबू, पुदिना, सोडा, वर बर्फ. अगदी समुद्र!"

तिच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. सगळंच निळं केलं तर? नळाच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या. एकीत नुसतं सरबत, दुसरीत तेच सरबत, पण व्होडका घातलेलं. व्होडकाला ना रंग, ना धड वास. कुणाच्या ग्लासात काय आहे ते कुणालाच दिसणार नाही. दादाला ना मोह, ना कमीपणा. साध्या बरणीवर कागदी मासा चिकटवायचा, दुसरीवर ऑक्टोपस. सोफ्याच्या दुकानातून दादा थेट येणार, आपण त्याला माशाचं सरबत द्यायचं, की झालं. बाटल्या तिनं कपाटात धान्याच्या डब्यांमागे दडवल्या. स्वतःच्या हुशारीवर ती इतकी खूश झाली की दिवसभर मासे कापत बसली.

आता यातली गंमत बघा. ही बाई लॅबमध्ये दिवसभर नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवायची. चिठ्ठी नसलेली नळी समोर आली की साहेबांचीही भीड न ठेवता फेकून द्यायची. आणि घरी मात्र ओळखायला मासा नि ऑक्टोपस!

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. दादा आला. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट, आधीपेक्षा बारीक. दाराशी घुटमळून त्यानं नव्या काचेच्या कपाटाकडे पाहिलं आणि कसंनुसं हसला. तिला भरून आलं. ती त्याच्यासाठी ग्लास भरायला लगबगीनं वळली, तर दारात नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोनं गाठलं. पडदे कुठून घेतले, मासे कुणी कापले. मोकळी होऊन ती बरण्यांपाशी पोचली आणि थबकली. मासा उजवीकडे होता. दुपारी तिनं तो डावीकडच्या बरणीला लावला होता. लावला होता ना?

"बर्फामुळे बरण्यांना पाणी सुटलं, दोन्ही चित्रं खाली पडली होती," नणंद अभिमानानं म्हणाली. "मीच परत चिकटवली. मासा इकडे जास्त छान दिसतो, नाही?"

"छान दिसतो? अगं, कोणती बरणी कोणती हे बघितलंस का?"

"दोन्हीत निळंच तर आहे!"

तिनं दोन्हींतलं घोट घोट पिऊन पाहिलं. पुदिना, लिंबू, साखर. जन्मात कधी दारू चाखली नव्हती, तर जिभेला कळणार काय? तिनं नवऱ्याला बाजूला ओढलं. त्याचे तोवर दोन ग्लास झाले होते, कशाचे ते त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं डावीकडची चाखली, उजवीकडची चाखली, परत डावीकडची चाखली.

"हीच ती," तो म्हणाला. "नाही, थांब. हीच ती बहुतेक दुसरी."

"दादाला कुणी ग्लास दिला का?" तिनं नणंदेला विचारलं.

"हो तर! तो आल्याबरोबर मीच दिला. भरून."

"कोणत्या बरणीतला?"

नणंदेनं एकदा या बरणीकडे पाहिलं, एकदा त्या बरणीकडे, आणि तिचा चेहरा उतरला.

खिडकीपाशी दादाचा ग्लास होता. रिकामा. दादा मात्र नव्हता. मासे बाजूला सारत ती खोल्या धुंडाळत सुटली. वर्षभराची त्याची कमाई आपण एका ग्लासात घालवली, तीही प्रेमानं, हाच एक विचार तिला जाळत होता.

दादा मागच्या बाल्कनीत होता. कपडे धुवायच्या नळाला ओंजळ लावून घटाघट पाणी पीत होता, शर्टाच्या बाह्या भिजवत. असा तहानलेला माणूस तिनं कधी पाहिला नव्हता.

"दादा! तो ग्लास..."

"कुंडीत ओतला." त्यानं तोंड पुसलं. "तुझं झाड जगलं तर ते सरबत होतं म्हण."

ती मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. "तुला अवघड वाटू नये म्हणून केलं रे सगळं. कुणाच्या हातात काय आहे ते दिसू नये म्हणून."

"चिमे, रडू नकोस. आणि नीट ऐक." तो तिच्याशेजारी टेकला. "माझ्या दुकानाच्या रस्त्यावर दारूचं दुकान आहे. बाटल्या रांगेत दिसतात. दिसतात म्हणून मला पलीकडच्या फुटपाथवर जाता येतं. रोज जातो. इथं आलो तर सगळंच निळं. पलीकडे जाऊ तर कुठं जाऊ? दुधानं तोंड पोळलेला माणूस मी, ताकही फुंकून पितो. आल्यापासून घसा कोरडा आहे, पण कशाला तोंड लावायची हिंमत होईना."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"मला विचारायला हवं होतं," दादा म्हणाला.

ती उठली. कुणाला काही न सांगता तिनं दोन्ही बरण्या उचलून एकामागून एक मोरीत रिकाम्या केल्या. पाहुणे बघत राहिले, नणंद 'अगं अगं' करत राहिली. धान्याच्या डब्यांमागची बाटली काढून तिनं टेबलाच्या एका टोकाला ठेवली, नावाची बाजू पुढे करून. दुसऱ्या टोकाला पाण्याचा काचेचा जग ठेवला.

"ही दारू आणि हे पाणी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं."

दादानं जगमधलं पाणी ग्लासात ओतलं, उजेडात धरून पाहिलं आणि एका दमात संपवलं. मग त्यानं आपली खुर्ची उचलली आणि खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसला. तिथून त्याला बाटली नीट दिसत होती.