रेघेची राखायची बाजू

मी शिसवी फूटपट्टी बोलतेय. शाळेचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. साकीनाक्याच्या एका सुताराने उरल्या फळीतून मला कापलं आणि घाटकोपरच्या लवू शिंप्याला दिलं. तीस वर्षं मी त्याच्या कापडावर रेघा मारल्या. आकडे पुसट झालेत माझे, पण कड अजून सरळ आहे. हळू बोलते, पण हे सांगतेच.

लवूची सून सुगंधा, लग्न झाल्यापासून त्याच्या हाताखाली कापडावर खुणा करणारी. लग्नाआधी तिचं बारावीचं गणित राहिलं होतं. आता अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली, तिला बारावी पास लागते. म्हणून तिने परत फॉर्म भरला. शेजारची प्रांजल कॉलेजात जाते, ती दुपारी शिकवायला येई.

धडा असमानतेचा. दोन एक्स अधिक तीन वाय, बारा किंवा त्याहून कमी. आडव्या अक्षावर सहा, उभ्यावर चार, ती टिंबं मी जोडायची. मग शून्य-शून्य घालून बघायचं. शून्य बारापेक्षा कमी, खरं ना? मग शून्याकडची बाजू उत्तराची, ती रंगवायची. सुगंधा हे सगळं बरोबर म्हणे, आणि रेघोट्या नेमक्या पलीकडे मारी.

"वहिनी, परत? तोंड बरोबर बोलतं आणि हात उलटा!"

"काय करू गं, हात ऐकतच नाही. वाट लागणार माझी."

चौथ्या दिवशी मशीनवर बसलेला लवू हसायला लागला. "अगो, आमच्यात रेघोट्या मारलेला कापड कापून टाकतत. आमची सून उत्तरच कापून टाकता!"

प्रांजलच्या आत्ता लक्षात आलं. "वहिनी, इथे उलटं. ठेवायचं ते रंगवायचं!"

परीक्षेला सुगंधा मलाच घेऊन गेली. आलेख आला. रेघ मी मारली, केसाइतकीही वाकडी नाही. पण पेन्सिल सवयीने पलीकडेच टेकली. मला ओरडता येत नाही. सुगंधा थांबली, अंगठ्याने मला दाबून धरलं, "ठेवायचं ते," असं पुटपुटली आणि शून्याकडची बाजू भरली.

गणितात त्रेपन्न! अंगणवाडीचा अर्जही भरून झाला.

परवा लवू म्हणाला, "दी गो माझी पट्टी, ब्लाऊज अडलो हा."

"बाबा, तुम्ही नवी घ्या ना."

सुगंधाआधी तीस वर्षांत त्याने मला कुणाला हात लावू दिला नव्हता. त्याने गळ्यातला टेप काढून ब्लाऊजवर लावला. मग म्हणाला, "ठेव."

आता मी सुगंधाच्या वहीत असते. तुमच्याकडेही कुणाचा हात उलटा जात असेल, तर ओरडू नका. तो हात आधी कोणतं काम शिकला, तेवढं विचारा.